टाके घातल्यानंतर : काचेच्या जखमा, पुढची देखभाल आणि नोंदीतले संकेतांक

फुटलेली काच लागून आलेला रुग्ण दवाखान्याला नवा नसतो. साफसफाईत हातातून निसटलेली तसबीर, भांडी घासताना फुटलेला ग्लास, न्हाणीघराच्या दारातली काच, कचऱ्याच्या पिशवीतून पोटरीत घुसलेला बाटलीचा तुकडा, दुचाकीच्या आरशाची लागलेली धार. यांतले बहुतेक रुग्ण जखम धुऊन, टाके घालून, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन तासाभरात घरी जातात. त्यानंतर काय व्हावं, आणि जे झालं ते कागदावर कोणत्या शब्दांत आणि कोणत्या संकेतांकात उतरावं, या दोन प्रश्नांवर गेली कित्येक वर्षं दोन वेगळ्या चर्चा चालू आहेत. पहिली हातावर शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांची आणि कॅज्युअल्टीत बसणाऱ्या डॉक्टरांची. दुसरी रुग्णालयांच्या नोंदविभागांची, विमा कंपन्यांची आणि मेडिकल कोडिंग हा पेशा म्हणून करणाऱ्या तरुण मंडळींची. एका बाजूचं लिखाण दुसऱ्या बाजूला क्वचितच पोचतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचली, की त्या एकाच जागी अडतात असं मला दिसतं : रुग्णाच्या दुसऱ्या भेटीपाशी.

काचेची जखम वेगळी का

काचेची धार जखमेच्या कडा साफ कापते. त्यामुळे जखम वरून नीटनेटकी दिसते आणि तिची खोली लपते. फुटलेल्या ग्लासाचं टोक तळहातात शिरलं तर कातडीवर जेमतेम सेंटीमीटरभर चीर असते, पण आत बोट वाकवणारा स्नायुबंध किंवा बोटाच्या कडेनं जाणारी मज्जातंतूची दोरी तुटलेली असू शकते. तळहाताच्या शेवटच्या वळीपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतच्या पट्ट्याला अमेरिकन हस्तशल्यतज्ज्ञ स्टर्लिंग बनेल यांनी ‘नो मॅन्स लँड’ म्हटलं होतं. त्या अरुंद बोगद्यात दोन स्नायुबंध एकमेकांना खेटून सरकतात. तिथं शिवलेले स्नायुबंध आजूबाजूला चिकटून बसत, म्हणून एकेकाळी सर्जन त्या भागात हात घालायला कचरत. आज त्याच भागात शिवण घालून पहिल्या काही दिवसांतच नियंत्रित हालचाल सुरू करतात. पण त्यासाठी स्नायुबंध तुटल्याचं वेळेत, शक्यतो पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत, कळलेलं असावं लागतं.

आणि ते पहिल्याच तपासणीत कळेल याची खात्री नसते. अर्धवट कापलेला स्नायुबंध त्या दिवशी बोट वाकवून दाखवतो आणि पुढे जोर पडला की तुटतो. दुखण्यामुळे बोटाच्या कडेचा बधिरपणा रुग्णाच्या लक्षात येत नाही. लहान मूल तर तपासूच देत नाही. म्हणूनच हाताच्या जखमांवर लिहिणारे बहुतेक लेखक पहिल्या तपासणीइतकंच वजन दुसरीला देतात.

तिसरी अडचण काचेच्या स्वभावाची. काटा किंवा लाकडाची कुसळ आत राहिली तर शरीर ती सहन करत नाही. सूज येते, पू होतो आणि रुग्ण परत येतो. काच मात्र बरीचशी निष्क्रिय असते. तुकडा आत ठेवून जखम वरून छान भरून येते आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी, दाबल्यावर कळ येते, गाठ लागते, किंवा तुकडा सरकून मज्जातंतूला टोचू लागतो. हातात राहून गेलेल्या परक्या वस्तूंच्या दोनशे रुग्णांचा एक अमेरिकन अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या डॉक्टरच्या नजरेतून वस्तू निसटल्याची उदाहरणं दर तिघांत एकाहून अधिक होती. हे रुग्ण हस्तशल्यतज्ज्ञांकडे पाठवलेले होते आणि वस्तूंत काचेबरोबर लाकूड, धातूही होते, हे ध्यानात ठेवून तो आकडा वाचायला हवा.

काचेच्या प्रकारानंही फरक पडतो. खिडकीची साधी काच लांब, सुरीसारख्या तुकड्यांत फुटते. टफन्ड काच फुटली की खडीसाखरेसारखे बोथट खडे होतात. जखमा तेव्हा उथळ असतात, पण संख्येनं जास्त. गाडीची पुढची लॅमिनेटेड काच मधल्या पापुद्र्याला चिकटून राहते. सुरक्षा काचेसाठी आपल्याकडे आयएस २५५३ हे भारतीय मानक आहे. जुन्या इमारतींतल्या दारा-खिडक्यांत मात्र साधी काच अजून भरपूर आहे, आणि कोणती काच लागली हे केसपेपरवर लिहिण्याची पद्धत नाही.

एक्स-रे सगळ्यांचा की निवडकांचा

या क्षेत्रातला एक जुना समज आता निकालात निघाला आहे. एक्स-रेमध्ये फक्त शिसं असलेली काच दिसते असं अनेक पिढ्यांतल्या डॉक्टरांनी ऐकलं होतं. १९८२ मध्ये डॅन टँडबर्ग यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात याची परीक्षा मांडली. कोंबडीच्या मांसात नाना प्रकारच्या काचांचे तुकडे घालून त्यांनी एक्स-रे काढले, आणि शिसं असो वा नसो, काच दिसते असं दाखवलं. काच आसपासच्या मऊ ऊतींपेक्षा दाट असते, तेवढं पुरतं. दोन मिलिमीटर किंवा त्याहून मोठा तुकडा नीट कोनांतून काढलेल्या चित्रांत जवळजवळ नेहमी दिसतो. एक मिलिमीटरच्या खाली गेल्यावर खात्री कमी होत जाते.

वाद उरला तो एक्स-रे कुणाचा काढायचा याचा. एक गट म्हणतो, काच लागल्याचा इतिहास असेल तर प्रत्येकाचा काढावा. जखम उघडून नीट पाहिली तरी तुकडे निसटतात. रुग्णाला आत काही टोचत नाही म्हणजे आत काही नाही असं धरता येत नाही. पुढे प्रकरण ग्राहक आयोगात गेलं तर ‘एक्स-रे का काढला नाही’ याला उत्तर नसतं. दुसऱ्या गटाचं म्हणणंही वजनदार आहे. जखम उथळ असेल, रक्त थांबवून चांगल्या उजेडात तिचा तळ पूर्ण दिसत असेल, तर एक्स-रेमुळे निर्णय बदलण्याची शक्यता फार थोडी. प्रत्येक ओरखड्यासाठी चित्र काढलं तर रांग लांबते, खर्च वाढतो, आणि ‘एक्स-रे नॉर्मल’ या शब्दांवर विसंबून जखम उघडून पाहण्याची सवय सुटते. ही शेवटची भीती मला खरी वाटते.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात या वादाचं रूप बदलतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा एक्स-रे यंत्र नसतं. त्यासाठी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावं लागतं. तिथं प्रश्न रात्री अकरा वाजता तीस किलोमीटर कुणाला पाठवायचं असा होतो. सोनोग्राफी वरवरच्या तुकड्यांसाठी चांगली असते आणि लाकूडही दाखवते. परदेशी कॅज्युअल्टीत डॉक्टर स्वतःच रुग्णाच्या खाटेशी तिचा वापर करतात. आपल्याकडे गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्र आणि ते वापरणारा नोंदणीकृत असावा लागतो. तो कायदा ज्या कारणासाठी आला ते कारण फार मोठं आहे. त्याचा एक परिणाम मात्र असा, की खाटेशेजारची सोनोग्राफी इथं सहज रुजली नाही.

तुकडा दिसला की काढलाच पाहिजे का, यावर मतं जवळ आली आहेत. सांध्यात, रक्तवाहिनी किंवा मज्जातंतूजवळ, स्नायुबंधाच्या वाटेत, जंतुसंसर्ग झालेल्या जखमेत, किंवा टोचून त्रास देणारा असेल तर काढावा. खोल मांसात शांत बसलेला छोटा तुकडा शोधण्यासाठी चांगलं मांस चिरत जाणं अधिक नुकसानीचं ठरू शकतं. तो ठेवायचा असेल तर रुग्णाला सांगायचं आणि लिहून ठेवायचं, यावर सर्वांचं एकमत आहे. काचेमुळे पुढे एमआरआयला अडचण येत नाही, हेही सांगितलं तर रुग्णाची एक काळजी मिटते.

पुढच्या पंधरा दिवसांची देखभाल

इथं सहमतीचा भाग मोठा आहे. मळलेली, खोल किंवा हाताची जखम दोन दिवसांनी उघडून पाहावी. टाके चेहऱ्यावरचे पाच दिवसांच्या आसपास, डोक्यावरचे सात ते दहा, हातावरचे आठ-दहा, पायावरचे आणि सांध्यावरचे दहा ते चौदा दिवसांनी काढावेत. टाके काढायच्या दिवशी प्रत्येक बोटाची हालचाल आणि प्रत्येक बोटाच्या दोन्ही कडांची संवेदना पुन्हा तपासावी. ती न तपासताच टाके काढले जातात, हे कुणीही कॅज्युअल्टीत उभं राहून पाहू शकतं. तुटलेली मज्जातंतूची दोरी शिवली तर ती दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या वेगानं वाढते. म्हणून बोटाच्या टोकाची जाणीव यायला महिने लागतात, हे आधी सांगितलेलं बरं. स्नायुबंध शिवला असेल तर पट्टीत आधार, फिजिओथेरपी आणि जड कामाला साधारण तीन महिन्यांची सुट्टी.

जुन्या सवयींपैकी काही अभ्यासांनी सैल केल्या आहेत. जखम धुवायला पिण्याजोगं नळाचं पाणी सलाइनपेक्षा वाईट ठरत नाही, असा तौलनिक आढाव्यांचा निष्कर्ष आहे. भरपूर पाण्यानं धुणं महत्त्वाचं. साध्या, स्वच्छ जखमेला तोंडावाटे प्रतिजैविक दिल्यानं जंतुसंसर्ग कमी होतो असं चाचण्यांतून दिसलेलं नाही. तरी पाच दिवसांचा कोर्स लिहून देण्याची पद्धत आपल्याकडे सार्वत्रिक आहे. तिचं समर्थन करणारे डॉक्टर म्हणतात, रुग्ण शेतात किंवा गटारात काम करतो, परत येईल याची शाश्वती नाही, मग सावधगिरी म्हणून देतो. चाचण्यांतले रुग्ण आणि त्यांच्यासमोरचा रुग्ण वेगळा आहे, हा मुद्दा चुकीचा नाही. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंची वाढती संख्या पाहता तो पुरेसा आहे का, यावर मात्र एकमत नाही.

धनुर्वाताच्या लशीचंही असंच. ‘सहा महिने झाले का टीटी घेऊन?’ हा प्रश्न गावोगाव विचारला जातो. लसीकरणाचे तीन मूळ डोस पूर्ण झालेल्या माणसाला स्वच्छ छोट्या जखमेसाठी शेवटच्या डोसाला दहा वर्षं झाली असतील तरच, आणि मळलेल्या जखमेसाठी पाच वर्षं झाली असतील तर, बूस्टर लागतो. मूळ डोस झालेले नसतील किंवा माहीत नसतील आणि जखम मळलेली असेल, तर लशीबरोबर २५० युनिट धनुर्वात इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं. २०१९ पासून सरकारी लसीकरणात टीटीची जागा धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींवर चालणाऱ्या टीडी लशीनं घेतली आहे. तरी दर वेळी एक इंजेक्शन ही रूढी टिकून आहे, कारण मागचा डोस कधी घेतला याचा कागद प्रौढ माणसाकडे नसतो. लस पुन्हा दिल्यानं दंड सुजण्यापलीकडे सहसा काही होत नाही. इम्युनोग्लोब्युलिनची खरी गरज असलेला माणूस मात्र ‘टीटी दिली’ या शब्दांखाली झाकला जातो.

पाठपुरावा कुणी करायचा, हा त्याहून अवघड प्रश्न. टाके एका ठिकाणी घातले जातात, ड्रेसिंग गल्लीतल्या दवाखान्यात होतं, टाके कधी ओळखीचा कंपाउंडर काढतो. रोजावर काम करणाऱ्यासाठी सरकारी रुग्णालयाची एक फेरी म्हणजे एका दिवसाचा पगार. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ साली उभी राहिली तेव्हा तिनं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत हे नाव घेतलं. काच त्यांच्या रोजच्या हाताळणीतली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा घरातच वेगळा करायला सांगितलं, पण फुटलेली काच कागदात गुंडाळून, वर खूण करून देणारी घरं थोडी. हात कापला की फडकं बांधून काम पुढं चालू. या गटाला दहाव्या दिवशी परत बोलावून उपयोग नाही, ड्रेसिंगची सोय कामाच्या जागेजवळ न्यायला हवी, असं सार्वजनिक आरोग्याच्या अंगानं विचार करणारे म्हणतात. हातांच्या सर्जनांचा आक्षेप असा, की तशा सोयीत जखम भरलेली दिसते पण तुटलेला स्नायुबंध ओळखणारी नजर नसते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. यातला मधला रस्ता काय, ते कुणी पद्धतशीर तपासल्याचं माझ्या वाचनात आलेलं नाही.

संकेतांकांची वाट

आता कागदाकडे. आजाराला आणि मृत्यूच्या कारणाला आकडा देण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत, म्हणजे आयसीडी, झाक बर्तियों यांच्या १८९३ च्या यादीपासून सुरू झाली. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांचाही समावेश केला, आणि इजेसाठी दुहेरी मांडणी आणली : एक आकडा इजा काय झाली याचा, दुसरा ती कशानं झाली याचा. काचेच्या बाबतीत ही दुसरी बाजू बरीच वर्षं ढोबळ होती. नवव्या आवृत्तीवर बेतलेल्या अमेरिकन यादीत ई ९२०.८ या एका आकड्याखाली फुटकी काच, खिळा, काटा, कागदाची धार आणि पत्र्याच्या डब्याचं झाकण एकत्र नांदत होतं. म्हणजे कागदानं चिरलेलं बोट आणि खिडकीच्या काचेनं उघडं पडलेलं मनगट सांख्यिकीत भावंडं ठरली.

१९९० साली मंजूर झालेल्या दहाव्या आवृत्तीत काचेला स्वतःचा खाना मिळाला : डब्ल्यू २५, धारदार काचेशी संपर्क. चौथा अंक जागा सांगतो. शून्य म्हणजे घर, चार म्हणजे रस्ता, सहा म्हणजे कारखाना किंवा बांधकाम. इजेच्या बाजूला मनगट-हाताच्या उघड्या जखमेसाठी एस ६१, घोट्या-पावलासाठी एस ९१. हेतू बदलला की खाना बदलतो. काचेनं केलेला हल्ला एक्स ९९, स्वतःला करून घेतलेली इजा एक्स ७८, हेतू ठरवता न आलेली वाय २८. वाहन अपघातात काच लागली तर वाहतुकीच्या व्ही गटाला अग्रक्रम, आणि स्फोटात उडालेल्या काचेला स्फोटाच्या आकड्याला.

या रचनेत दुसऱ्या भेटीला स्पष्ट जागा नाही. टाके काढायला आलेल्याला पुन्हा एस ६१ द्यायचा की ‘ड्रेसिंग आणि टाक्यांची देखभाल’ या झेड ४८.० खाली टाकायचं, हे रुग्णालयागणिक बदलतं. पहिला मार्ग घेतला तर एकच जखम तीनदा मोजली जाते. दुसऱ्यात काच हा तपशीलच गळतो.

अमेरिकेचा सातवा अंक

अमेरिकेनं १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केलेल्या आपल्या विस्तारित आवृत्तीत यावर उपाय शोधला. प्रत्येक इजेच्या आकड्याला सातवं अक्षर जोडायचं : सक्रिय उपचार चालू असतील तर ए, भरून येण्याच्या काळातली नेहमीची देखभाल असेल तर डी, आणि मागं राहिलेल्या परिणामासाठी एस. उजव्या हाताची परकी वस्तू नसलेली चीर एस ६१.४११ ए. तेच टाके काढायला आला की एस ६१.४११ डी. काचेचा आकडाही त्याच अक्षरानं संपतो. इजेसाठी झेड गटातले देखभालीचे आकडे वापरायचे नाहीत, असा नियम झाला. परकी वस्तू असेल तर एस ६१.४२१, आणि शरीरात राहिलेल्या काचेच्या तुकड्यांसाठी झेड १८.८१ हा वेगळा आकडा.

हे काम करणारी अनेक माणसं भारतात आहेत. चेन्नई, हैदराबादइतकीच पुण्यात आणि नवी मुंबईतही अमेरिकन रुग्णांच्या केसपेपरवर कोड घालणारी कार्यालयं आहेत, आणि सातव्या अक्षरावरचा वाद तिथल्या प्रशिक्षणात नेहमी उठतो. ए म्हणजे पहिली भेट हा सर्वांत पसरलेला गैरसमज. नियमाची कसोटी भेटीच्या क्रमांकाची नाही, उपचाराच्या स्वरूपाची आहे. रुग्ण दुसऱ्या आठवड्यात हस्तशल्यतज्ज्ञाकडे गेला आणि तिथं स्नायुबंध शिवला गेला तर तोही सक्रिय उपचारच, म्हणून ए.

खरी अडचण राहून गेलेल्या तुकड्याची. पहिल्या डॉक्टरनं ‘परकी वस्तू नाही’ असं लिहिलं, तीन आठवड्यांनी दुसऱ्यानं काच काढली. काही कोडर म्हणतात, जखमेचा परकी वस्तूसहितचा आकडा आणि ए, कारण काढणं हा सक्रिय उपचार. काहींच्या मते जखम भरली आहे, तेव्हा मऊ ऊतीत राहिलेल्या वस्तूचा एम ७९.५ आणि जोडीला झेड १८.८१. शस्त्रक्रियेत चुकून राहिलेल्या वस्तूचा टी ८१.५ इथं लागू नाही, यावर तरी सहमती आहे, कारण काच डॉक्टरनं आत सोडलेली नव्हती. कोणताही मार्ग घेतला तरी ‘पहिल्या वेळी निसटली’ ही गोष्ट कोणत्याच आकड्यात उतरत नाही. एक्स-रे सरसकट काढावा की निवडक, या वादाचा निकाल ज्या माहितीवर लागू शकेल, नेमकी तीच माहिती इतक्या बारीक वर्गीकरणातून बाहेर राहते. संपूर्ण विषयातली ही उणीव मला सर्वांत मोठी वाटते.

बाह्य कारणाचे आकडे मुळात सक्तीचे असावेत का, यावरही दोन मतं आहेत. अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर ती सक्ती नाही. सक्ती मागणारे म्हणतात, कोणत्या काचेनं, कुठं, काय करताना लागलं हे कळल्याशिवाय दारांच्या काचांचे नियम कशावर आधारायचे? विरोध करणारे डॉक्टर आणि छोटे दवाखाने म्हणतात, या आकड्याला पैसे मिळत नाहीत, आणि घाईत भरलेली माहिती न भरलेल्या माहितीपेक्षा जास्त फसवते.

इथली नोंद

भारतात आयसीडीच्या वापराचं केंद्र म्हणजे केंद्रीय आरोग्य गुप्तवार्ता विभाग, अर्थात सीबीएचआय. प्रत्यक्षात कोडिंगचा भर मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्रांवर आणि दाखल रुग्णांवर राहिला. काचेच्या जखमांचे बहुतेक रुग्ण बाह्यरुग्ण विभागातून परततात आणि कोणत्याही आकड्यात येत नाहीत. दाखल झालेल्यांची वाट पैशाच्या सोयीनुसार फुटते. खासगी विम्याच्या प्रमाणित दाव्याच्या अर्जात रुग्णालयानं भरायच्या भागात आयसीडी-१० चा रकाना आहे. इजेमुळे दाखल झाला का, स्वतःहून केलेली इजा, रस्ता अपघात की दारूच्या अमलाखाली, पोलिसांत नोंद झाली का, हेही तिथं विचारलं जातं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि आयुष्मान भारत योजनेत हिशेब उपचारांच्या पॅकेजचा असतो. स्नायुबंध शिवला हे तिथं दिसतं, तो कशानं तुटला हे त्या पॅकेजच्या नावावरून कळत नाही.

डॉक्टरच्या शब्दांना थेट संगणकीय संकेत देणारी स्नोमेड सीटी ही परिभाषा भारतात मोफत उपलब्ध आहे, आणि तिचं राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅकमध्ये आहे. तिच्या समर्थकांचं म्हणणं असं, की डॉक्टरनं नेहमीच्या भाषेत निवड करावी, आयसीडीचा आकडा मागून आपोआप निघावा. शंका घेणारे विचारतात, की कागदाच्या चिटोऱ्यावर ‘सीएलडब्ल्यू (फाटलेली जखम), सुचर्ड, टीटी गिव्हन’ एवढंच लिहिणाऱ्या कॅज्युअल्टीत निवड करायला वेळ कुणाला आहे?

हेतूच्या रकान्याबद्दल सावकाश बोलायला हवं. मनगटात काचेच्या बांगडीचा तुकडा घुसलेली बाई येते. कपडे धुताना बांगडी फुटली असेल, किंवा कुणी हात पिरगाळला असेल. ती जे सांगेल ते लिहिलं जातं, आणि सासूसमोर ती काय सांगेल याचा अंदाज करता येतो. अमेरिकन नियमांत हेतू लिहिलेला नसेल तर इजा अपघाती धरायची असते. ‘हेतू ठरवता आला नाही’ हा खाना डॉक्टरनं स्पष्ट तसं लिहिलं असेल तरच वापरायचा. रागानं खिडकीवर मूठ मारलेल्या तरुणाचंही तेच. स्वतःला केलेली इजा असं लिहिलं तर दावा नाकारला जाईल, पोलीस येतील, या धास्तीनं नातेवाईक ‘दार लागलं’ म्हणतात आणि डॉक्टरही पुढं विचारत नाही. काहींच्या मते यात रुग्णाचं हित आहे. दुसरी बाजू म्हणते, या चुकीच्या खान्यामुळे मारहाण सोसणारी बाई आणि मदतीची गरज असलेला तरुण दोघंही दुसऱ्या भेटीला साध्या ड्रेसिंगसाठी येतात आणि तसेच परत जातात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून पाहण्याची भूमिका बरीच मागे नेली. केसपेपर लिहिणाऱ्या हातापर्यंत तो बदल पोचलेला सर्वत्र दिसत नाही.

भरपाईच्या प्रश्नातही नोंद आडवी येते. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या अनुसूचीत अंगठा गेल्यास ३० टक्के आणि तर्जनी पूर्ण गेल्यास १४ टक्के कमाईची क्षमता गेल्याचं धरलेलं होतं. काचेनं बोट सहसा जात नाही. ते जागेवर राहतं, वाकत नाही किंवा बधिर होतं. अशा वेळी टक्केवारी डॉक्टरच्या मूल्यमापनावर ठरते, आणि मूल्यमापनाला आधार लागतो तो पहिल्या दिवसाच्या आणि मधल्या तपासण्यांच्या लेखी नोंदींचा. त्या नसतील तर कामगाराचं बोट आधीपासूनच ताठर होतं, असं म्हणायला मालकाला जागा राहते.

मांजा आणि पुढची आवृत्ती

संक्रांतीच्या दिवसांत महाराष्ट्रात दुचाकीस्वारांचे गळे मांज्यानं कापले जातात. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली नायलॉनच्या आणि काचेचा थर दिलेल्या मांज्यावर बंदी घातली, तरी तो मिळतो. ही जखम कोणत्या खान्यात जाते? काचेची पूड लावलेला दोरा म्हणून डब्ल्यू २५, इतर धारदार वस्तू म्हणून डब्ल्यू २६, की चालत्या वाहनावरचा माणूस म्हणून व्ही गट? प्रत्येक पर्यायाला युक्तिवाद आहे आणि स्वतंत्र आकडा नाही. परिणामी या इजा आयसीडीच्या आकड्यांतून वेगळ्या काढता येत नाहीत. त्यांचा हिशेब वर्तमानपत्रांच्या बातम्यांवर आणि पोलीस ठाण्यांच्या नोंदींवर उरतो.

२०१९ मध्ये मंजूर होऊन १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत आकडे एकमेकांना जोडून साखळी करता येते. इजा, शरीराची बाजू, कारण, वस्तू, जागा, हेतू हे सगळे दुवे एकत्र. तत्त्वतः मांज्याची जखमही तिथं नेमकी मांडता येईल. तिचे पुरस्कर्ते म्हणतात, संगणकावर शोधून निवडायचं असल्यानं आकडे पाठ करण्याची गरज उरणार नाही. नोंदविभागात वर्षानुवर्षं काम केलेल्यांचा प्रश्न असा, की जोडायला दुवे आहेत, पण जोडण्याजोगा मजकूर केसपेपरवर कुठं आहे? साखळी किती लांब लावायची याला बंधन नसेल तर दोन रुग्णालयांचे आकडे एकमेकांशी ताडता येतील का, हीही त्यांची शंका आहे. राहून गेलेला तुकडा दाखवायचा असेल तर पहिल्या आणि दुसऱ्या भेटीच्या नोंदी एका ओळखक्रमांकानं जोडलेल्या असाव्या लागतील. २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला आरोग्य खातेक्रमांक ते करू शकतो, मात्र गल्लीतल्या दवाखान्यानं काढलेले टाकेही त्याच खात्यात नोंदले गेले तरच. त्या दवाखान्यानं ती नोंद का करावी, त्याचा वेळ कोण भरून देणार, आणि रुग्णानं खातं जोडायला नकार दिला तर काय, हे तिन्ही प्रश्न सध्या उघडे आहेत.